चुंबकावर वाहिलेलं फूल

म्हैसूरजवळच्या बन्नूरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला मी शिंपी. गोष्ट सांगायला बसलो की घरातल्या सगळ्यांना एकदम कामं आठवतात. बाकीच्या गोष्टींना मी पदरचं मीठ घालतो. जगन्नाथरावांच्या या गोष्टीला घालायची सोय नाही, कारण फजिती माझी आहे.

जगन्नाथरावांचे पणजोबा म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार; हे स्कूटरस्वार. जयलक्ष्मीपुरम भागातून खांद्याला पिशवी लावून येतात. जुनाट कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आमच्या ओळखीत तेवढे एकच उरलेत. यंत्र उघडण्याआधी वैद्यासारखं विचारतात, "काय खाल्लं यानं?"

आमचं भरतकामाचं मशीन पंचवीस वर्षांचं, त्याला नक्षी पुरवणारा कॉम्प्युटरही तेवढाच म्हातारा. दिवाळीनंतर तो बसला. आतली सगळी व्यवस्था नव्यानं भरायची होती, तीही सहा फ्लॉप्यांवरून. पहिल्या तीन सुरळीत गेल्या. चौथीवर खर्र, खर्र, आणि पडद्यावर अक्षरं: वाचता येत नाही.

जगन्नाथरावांनी कापसाला स्पिरिट लावून फ्लॉपी वाचणारं आतलं डोकं पुसलं. पिशवीतला दुसरा ड्राइव्ह जोडला. फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून फुंकर मारली. पाचवी, सहावी, तोच खर्र. सहावी त्यांनी उजेडात धरली, बराच वेळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी. मला राहवतंय कुठलं! "जगन्नाथराव, हात थरथरतात तुमचे आता. चांगल्या फ्लॉप्या मारल्यात."

"इरली बिडी, नरहरीअण्णा," ते म्हणाले. "असू दे. उद्या माझ्याकडचा संच आणतो."

आणला, आणि तासाभरात कॉम्प्युटर उभा केला. पण मला किस्सा मिळाला होता ना! विठ्ठलमंदिरात एकादशीच्या भजनाला मी तो हातांच्या थरथरीसकट करून दाखवला. मंडळी लोळली. महिन्याभरात आमच्यातल्या दोघा शिंप्यांनी जगन्नाथरावांना बोलावणं बंद केलं.

"लोकांना हसवायला माणूस कापता होय?" सुमित्रा म्हणाली. माझी बायको आहे. तिचं मी ऐकत नसतो.

पुढे एकदा टाचण्या सांडल्या. त्या गोळा करायला आमच्याकडे लाउडस्पीकरमधून काढलेलं जाडजूड गोल चुंबक आहे. ते घ्यायला कपाट उघडलं तर शेजारी त्या फ्लॉप्या. सहावीच्या चिठ्ठीवर कुंकवाचं बोट आणि गंजाचं गोल वळं. चुंबक त्यावर ठेवून पाहिलं. नेमकं बसलं.

आयुधपूजा! दसऱ्यात कात्री, टेप, इस्त्री मांडली, फ्लॉप्यांची चळत रचली, पहिली तळाला, सहावी सगळ्यांत वर. आणि तिच्या डोक्यावर, लोखंड गोळा करणारं म्हणून, चुंबकाला मान दिला. कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल. दोन दिवस हलवलं नाही. वरच्या तिन्ही पुसल्या गेल्या. 'चुंबक जवळ आणू नका' असं जगन्नाथरावांनी मला दहादा तरी बजावलं असेल.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. दारातच विचारलं,

"तुम्हांला तेव्हाच कळलं होतं?"

"कुंकू दिसलं ना. वळंही दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"गिऱ्हाइकं उभी होती अण्णा. तुमच्याच दुकानात चारचौघांत तुम्हांला कसं बोलायचं?" आणि आत वळून, "दोन कॉफी आणा, एकात साखर जास्त. अण्णांचं तोंड कडू दिसतंय."

मी त्याच दुकानात, त्याच गिऱ्हाइकांसमोर त्यांना बोललो होतो.

पुढच्या एकादशीला मंदिरात मी तोच किस्सा पुन्हा सांगितला, पहिल्यापासून. कुंकू, झेंडू, चुंबक, सगळं. या वेळी हात करून दाखवायची गरज पडली नाही, ते आपोआप थरथरत होते. त्या दोघा शिंप्यांची नावं घेऊन म्हटलं, "तुमची मशीनं उद्या जगन्नाथरावांकडे न्या. पोचवायला मी येतो."

माझ्या गोष्टीवर कुणी हसलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मागच्या खांबाला टेकून बसलेले जगन्नाथराव तेवढे हसले. मला मान वर करवेना.