‘रास्ता खाली है’

तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर थांबण्याची पाटी लावावी की नको, यावर शेजाऱ्यांच्या दोन सभा झाल्या, असं तुम्ही लिहिलंत. दोनच? आमच्या जबलपुरात एका पाटीसाठी पाच रविवार गेले होते, आणि त्यातून जे निघालं त्यापेक्षा कोरी फळी बरी होती.

क्रमानं सांगते. मी तेव्हा इंग्रजी चौथीत, म्हणजे आताच्या आठवीत होते. आमचं घर मदन महालाच्या बाजूला, चौरस्त्यावर. टेकडीकडून येणारा रस्ता तिथे एकदम उतरायचा, आणि तो ओलांडल्याशिवाय शाळेत जाता येत नसे. एका सकाळी उतारावरून भरधाव आलेल्या टांग्याचं चाक माझ्या दप्तरावरून गेलं. मी वाचले. संध्याकाळी आजोबांनी निकाल दिला, "पोरीची शाळा बंद. शिकून काय बॅरिस्टर व्हायचं आहे?" टांग्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. वडिलांनी कशीबशी मुदत मागून घेतली. चौरस्त्यावर पाटी लागेपर्यंत मी घरी बसायचं. पाटीनं टांगे आवरले तर शाळा, नाहीतर नाही.

म्युनिसिपालिटीनं कळवलं की मजकूर मोहल्ल्यानं ठरवावा, रंगवून आम्ही देऊ. झालं! आमच्या ओसरीवर कमिटी बसली. एक पेन्शनर तहसीलदार, एक वकील, एक हेडमास्तर आणि माझे वडील. चौघेही मराठी. चहा मी न्यायची, म्हणून सगळं माझ्या कानांवर पडलं.

पहिले दोन रविवार ‘ठहरो’ या एका शब्दावर गेले.

"माझाही टांगा तिथूनच जाते," तहसीलदार म्हणाले. "मले ‘ठहरो’ म्हणून राहिले तुम्ही? मी काय कोचवान आहो? ‘ठहरिये’ लिहा."

"‘ठहरिये’ म्हटलं तर घोडा ऐकन काय, साहेब?" वकिलांनी विचारलं.

"अन् ‘ठहरो’ तरी तो वाचते काय?"

तिसऱ्या रविवारी इंग्रजीची पाळी आली. ‘हॉल्ट’ फौजी वाटत होतं, ‘स्टॉप’ उद्धट. वकिलांनी आधी ‘काइंडली’ जोडायचं सुचवलं. चौथ्या रविवारी कमिटीनं थांबवण्याचा नादच सोडला आणि नुसता उताराचा इशारा द्यायचं ठरवलं. मजकुराचं काम हेडमास्तरांकडे गेलं, कारण त्यांनी हिंदीची कसलीशी परीक्षा दिली होती. पाचव्या रविवारी त्यांनी मोठ्या ऐटीत कागद वाचला: ‘आगे रास्ता खाली है.’

पुढे रस्ता खाली उतरतो, असं त्यांना म्हणायचं होतं. चौघांनीही माना डोलावल्या. मी कपबशा उचलत होते. मला राहवलं नाही.

"काका, हिंदीत खाली म्हणजे रिकामा. टांगेवाल्यांना वाटेल, पुढे रस्ता मोकळा आहे."

"तू काहून मधात बोलून राहिली?" हेडमास्तर म्हणाले. "अच्छा, आता पोरी आम्हाले हिंदी शिकवतीन! चलो, सह्या करा."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि सही केली. ती सही मी त्यांना कधीच माफ केली नाही.

पाटी लागली. आधी जे टांगे निदान अंदाज घेत उतरायचे, ते आता चाबूक उडवत येऊ लागले. बहुतेक टांगेवाल्यांना वाचता येत नव्हतं; मागची सवारीच मोठ्यानं वाचून दाखवायची, "भैया, रास्ता खाली है, दौड़ाओ!" कमिटी ओसरीवर बसून हे बघायची आणि हे लोक सुधारायचे नाहीत म्हणायची. आपला शब्द चुकला हे एकाच्याही डोक्यात येईना.

आठ दिवसांत तहसीलदारांचाच टांगा आमच्या मेंदीच्या कुंपणात घुसला. टोपी शोधत ते कोचवानावर ओरडले, "अंधा है क्या? बोर्ड नहीं देखा?"

"हुजूर, आप ही ने तो पढ़के सुनाया," तो गरीब म्हणाला. "रास्ता खाली है."

हे ऐकूनही आजोबा म्हणाले, "पाटीनं टांगे आवरले नाहीत. शाळा बंद."

आई त्यांच्यासमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी दाराआडून म्हणाली, "मामंजी, चौघांना दिसली नाही ती चूक हिनं दाखवली होती. शाळा कोणाची बंद करायची, ते नीट ठरवा."

आजोबांनी जोडे घातले आणि देवळात निघून गेले. वडिलांनी माझ्यापुढे कागद ठेवला. मी लिहिलं, ‘आगे ढाल है, धीरे चलो.’ ढाल म्हणजे हिंदीत उतार. हेडमास्तरांनी ‘चलो’चं ‘चलिये’ केलं आणि मजकूर कमिटीचा म्हणून पाठवून दिला.

नवी पाटी लागल्यावर टांगे लगाम खेचून उतरू लागले. आजोबा दोन दिवस ओसरीवरून पाहत राहिले. सोमवारी मी शाळेत निघाले, तेव्हा त्यांनी अडवलं नाही. बुडालेली भूमिती आठवड्यात भरून काढली. हेडमास्तर रस्त्यात भेटायचे, चौकशी करायचे. मी त्यांच्याशी त्यानंतर कायम हिंदीतच बोलले.