जाणारा माणूस काय म्हणतो

आमच्या डबिंग स्टुडिओत तिला सगळे छोटी म्हणतात. वय पन्नाशीपार, गुडघे कुरकुरतात, पण माइकसमोर उभी राहिली की गळ्यातून सात वर्षांचं पोर बोलतं. परभाषेतल्या चित्रपटांतल्या मुलांना आवाज देणं तिचं काम, तो टिपून घेणं माझं. बापाने टाकलेल्या पोरांचे चित्रपट तर आमच्या पाचवीलाच पुजलेत. काचेपलीकडे ती अशी रडते की माझ्यासारख्या दगडालाही चष्मा पुसावा लागतो. आणि दिवे लागले की हीच बाई डबा उघडून बसते, वर माझ्या भाजीला नावं ठेवते.

परवा मात्र तिचं घोडं अडलं. निळसर अंधारात, पडद्यावर बाप दारात पाठमोरा उभा होता. कागदावर त्याचा संवाद होता, "जातो." त्यावर पोराने रडायचं. छोटीला रडूच येईना. मी चित्र मागे नेत राहिलो. गेलेला बाप उलट्या पावलांनी पुन्हा घरात यायचा. ती त्या येण्याकडेच बघत राहायची, झोपेत असल्यासारखी. मी वैतागलो. संध्याकाळपर्यंत हे रडणं मिळालं नाही तर काम दुसरीला जाणार होतं, हे तिलाही ठाऊक होतं.

शेवटी ती म्हणाली, "जाणारा माणूस कधी जातो म्हणतो का? येतो म्हणतो. माझे बाबा तेच म्हणाले होते."

आपल्यात 'येतो' म्हटलं की ऐकणाऱ्याने 'या' म्हणायचं असतं. ती तेव्हा कशावरून तरी रुसून बसली होती, म्हणून म्हणाली नाही. आपण 'या' म्हटलं नाही म्हणून बाबा आले नाहीत, असं तिने कित्येक वर्षं धरून ठेवलं. पुढे अक्कल आली, पण झोपेत ती कामाला येत नाही, असं तीच हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही.

पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी हवं ते घालता येतं. बापाचा आवाज देणारा आला नव्हता, तेव्हा चित्र सुरू करून मीच माइकवर म्हणालो, "येतो."

काचेपलीकडून अगदी हळू आवाज आला, "या, बाबा. लवकर या."

मी चित्र थांबवलं. "छोटे, पोराचे ओठ मिटलेले आहेत गं."

"माझेही मिटलेलेच होते," ती म्हणाली.

मग ती रडली. तो आवाज कुठल्याच पोराला शोभला नसता. काम गेलं तर गेलं, मी तिला थांबवलं नाही.