क्लच नसलेल्या गाडीचा क्लच

आमच्या ह्यांचा डावा गुडघा दुखायला लागला आणि डॉक्टरांनी सांगितलं, क्लच दाबणं बंद करा. ह्यांनी ते फारच मनावर घेतलं. साधी ऑटोमॅटिक चालली असती, पण इंदूरहून आली ती जुनी, भली दांडगी, दमदार इंजिनाची गाडी. "आता क्लचची कटकट गेली," असं म्हणत हे बुऱ्हाणपुरातल्या घरापासून जसोंडी गावातल्या केळीच्या मळ्यापर्यंत रुबाबात जाऊ लागले.

मग एकदा खंडव्याच्या वाटेवरच्या असीरच्या चढावर ह्यांच्या भाच्यानं ह्यांना मागं टाकलं. भाचा हात हलवून हसला. पुढच्याच आठवड्यात हे इंदूरला जाऊन एका मेकॅनिककडून इंजिनाची ताकद वाढवून आले. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून विचारलं, "अहो, इंजिन वाढवलं, पण पुढं ती ताकद झेलणारं काही वाढवलं का?"

"तू शाळेत शिकव."

काही महिन्यांनी गाडी सरळ रस्त्यावर, एका वेगात चालताना थरथरायला लागली. हे म्हणाले, "रस्ताच खराब आहे." तो रस्ता नवा झाला, तरी थरथर तशीच. मग हे म्हणाले, "नवीन रस्ते असेच बनवतात." माझ्या मांडीवरच्या डब्याचं झाकण वाजत राहिलं.

अखेर इंदूरच्या त्याच मेकॅनिककडे गेलो. त्यानं समजावलं ते असं: ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो तेलातून ताकद पुढे पोचवतो. गाडीनं वेग धरला की आतला एक क्लच दोघांना घट्ट धरतो, त्याला लॉकअप म्हणतात. म्हणजे क्लच होताच, फक्त पायाखाली नव्हता.

"भाईसाब, ताकत तो बढ़ गई, पर पकड़ वही पुरानी है. क्लच फिसल रहा है, इसीलिए गाड़ी काँपती है," तो म्हणाला. ही गोष्ट त्याला ताकद वाढवताना ठाऊक नव्हती का, हे मी विचारलं नाही. उपाय दोन होते: मजबूत कन्व्हर्टर बसवायचा किंवा इंजिन पूर्ववत करायचं. ह्यांनी तिसराच शोधला. लॉकअपच बंद करून घेतलं.

थरथर थांबली. "बघ, झंझटच संपली!" हे महिनाभर सगळ्यांना सांगत होते.

मे महिन्यात नणंदेकडे खंडव्याला आमरसाच्या जेवणाला निघालो. सोबत मावा जिलेबी होती. लॉकअप नाही, त्यामुळे सगळा भार तेलावर, आणि तेल तापत चाललेलं. चढावर लाल दिवा लागला. हे म्हणाले, "सेन्सर बिघडला असेल." थोड्या वेळानं इंजिन जोरात ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागची हलेना.

एक ट्रॅक्टरवाला देवासारखा थांबला, दोर बांधायला खाली उतरला. ह्यांनी त्याला अडवलं. "ऑटोमॅटिक आहे, अशी ओढली तर आणखी बिघडेल." एवढं बरोबर होतं, पण बरोबर असण्याची वेळ चुकली होती. तो निघून गेला. गाडी उचलून नेणारा ट्रक येईपर्यंत आम्ही एका पळसाखाली बसलो आणि ती जिलेबी खाल्ली. हे बोटांवरचा पाक पुसत होते. मग स्वतःहूनच म्हणाले, "तू सांगितलं होतंस." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि उरलेली जिलेबी ह्यांच्यापुढं सरकवली.

गिअरबॉक्स उघडला तेव्हा तेल काळं पडून जळक्या वासाचं झालं होतं. ह्यांनी मोठ्या क्लचचा कन्व्हर्टर बसवला, तेल थंड ठेवायला वेगळा कूलर लावला, आणि मग भीतीनं इंजिनही पूर्वीसारखं करून घेतलं. त्यामुळे आता अख्ख्या बुऱ्हाणपुरात सगळ्यात मजबूत कन्व्हर्टर आमच्याकडे आहे, आणि त्यानं झेलावं असं काहीच नाही.

त्या दुपारनंतर मी गाडी शिकले. मागच्या आठवड्यात नणंदेकडे जाताना मीच चालवत होते. सपाट रस्त्यावर वेग धरला, तसा इंजिनाचा आवाज किंचित उतरला आणि गाडी शांतपणे पुढं जाऊ लागली. लॉकअप लागलं होतं. सांगावं म्हणून वळले, तर शेजारी हे तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.