शंभरचं ध्येय आणि शेवटची गाडी

पोलादपुरात शिकवणीची दुसरी शाखा काढताना मी सगळ्याचा विचार केला, फक्त मुलं घरी कशी जाणार याचा केला नाही.

महाडमधला आमचा दहावीचा वर्ग बरा चालला होता. म्हणजे बायको गणित शिकवायची म्हणून चालला होता. मी विज्ञान शिकवायचो आणि उरलेल्या वेळात ध्येयं ठरवायचो. एके दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात मी 'पोलादपूर – १००' असं लिहून ठेवलं. बायकोने ते पुसलं नाही, नुसती अट घातली. "उद्घाटनाच्या दिवशी वीस प्रवेश झाले तर शाखा. नाहीतर तिथला भाड्याचा हॉल सोडायचा आणि इथे गुमान वह्या तपासायच्या."

वर्गाची वेळ मी ठेवली संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. उद्घाटनाला शाळा सुटल्यावर हॉल गच्च भरला. पोरं, आया, दोन आजोबा. अर्ज आधी वाटायचे ठरले होते, पण समोर एवढी माणसं बसलेली बघून मला भाषण सुटलं. "ध्येय मोठं ठेवा, मागे वळून बघू नका," इथवर आलो आणि दारातून कुणीतरी हाक दिली, "गाडी लागली रे."

मागे वळून न बघता अख्खा हॉल निघून गेला.

मी अर्जांचा गठ्ठा उचलून स्टँडवर धावलो आणि त्यांच्या मागोमाग एसटीत चढलो. कापडेमार्गे वर डोंगरातल्या वाडीला जाणारी ती शेवटची गाडी. कंडक्टरने विचारलं, "कुठलं देऊ?" म्हटलं, "ही मंडळी जातील तिथलं."

पहिल्याच सीटवरच्या मावशीने अर्ज वाचून परत दिला. "साडेसातला शिकवणी सुटल्यावर पोरगी चालत येईल काय घाट चढून? शेवटची गाडी तर हीच, तुमीच बसलात ना तिच्यात."

"मग कधी ठेवू?"

"ही गाडी रातची आमच्या वाडीत थांबते. सकाळी आठला पोरांना पोलादपुरात उतरवते. शाळा अकराला. तवर पोरं स्टँडात बसून डुलक्या काढतात. तवा शिकवा की."

हॉल रंगवून घ्यायला मी महिनाभर सकाळी त्याच स्टँडवर उतरत होतो. ती पोरं रोज दिसायची. मला वाटायचं, किती आळशी, यांना कुणीतरी ध्येय द्यायला हवं.

प्रत्येक अर्जावरची वेळ खोडून मी 'सकाळी ८ ते १०' केली. घाटातल्या वळणांनी अक्षराचं जे व्हायचं ते झालं. एका मुलीची जन्मतारीख थेट तिच्या पत्त्यात उतरली. कापड्याला निम्मी माणसं उतरायची होती, तर कंडक्टरने सह्या होईपर्यंत गाडी सोडायची घंटी मारली नाही. शेवटी वाडीत उतरलो तेव्हा हातात एकवीस अर्ज होते.

अभिमानाने बायकोला फोन लावला. "एकवीस. शाखा पक्की."

"कुठून बोलताय?"

वाडीचं नाव सांगितलं.

"परतीची गाडी कधी आहे?"

मी मागे बघितलं. ड्रायव्हर खांद्यावर टॉवेल टाकून नळावर तोंड धूत होता. गाडी रातची इथेच थांबते, हे मावशीने सांगितलेलं मी नीट ऐकलं होतं. माझा त्याच्याशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

"सकाळी," मी म्हटलं. "मुलांबरोबर."

ती मग म्हणाली, "अहो, शंभर मुलं आणायला गेलात, आता रात्रीपुरतं तुम्हालाच कुणाच्या तरी आईच्या हवाली करावं लागतंय."