सल्ला मागे घ्यायला आलेल्या मॅडम

डॉ. सुनंदा मगदूम यांना मी प्रथम पाहिलं ते बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, कोल्हापुरातल्या आमच्या महाविद्यालयामागच्या वाफ्यात. मी शिरोळची, हे कळल्यावर त्यांनी उसाचं पान हातात दिलं आणि उसाची जात विचारली. मला सांगता आली नाही. "उसात वाढलीस आणि उसाकडं बघितलं नाहीस होय गं?" वर्ग हसला. त्या दिवसापासून मी बघायला लागले, असं लिहायचा मोह होतो. खरं तर तेव्हा नुसता राग आला होता.

पुढे वीस वर्षं मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासला. एक्केचाळिसाव्या वर्षी वाटू लागलं, की जैवमाहितीशास्त्राकडे वळावं, म्हणजे जनुकांची माहिती संगणकावर वाचण्याच्या कामाकडे. त्यासाठी दोन वर्षांचं एम.एस्सी. करायचं, तर कायम नोकरी सोडणं आलं. यजमानांचं मत साफ होतं : "चांगली नोकरी हाय की. चाळिशीत पोरांच्या बाकावर बसणार व्हय?"

मी मॅडमना विचारायला गेले. निवृत्तीनंतरही जिल्ह्यातल्या उसाच्या जातींवर त्यांचं काम चालू होतं. सल्ला मागायला आलेल्याला आधी काम द्यायचं, ही त्यांची रीत आपणा सर्व विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. वेगवेगळ्या शेतांतल्या उसाच्या जनुकांची माहिती त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "चार महिने रविवारी हे कर. मग पदवीचं बोलू." प्रत्येक रविवारी त्या स्वतः शेजारी बसत आणि जेवल्याशिवाय सोडत नसत.

एकदा दोन शेतांतली माहिती हुबेहूब सारखी निघाली. एकच नमुना दोनदा आला असणार, असं धरून मी त्यातला एक काढून टाकला. मॅडमनी चष्मा वर केला.

"काढलास कशाला? तुमच्याकडं लागणीला बेणं कुठनं आणतात?"

"शेजाऱ्याकडनं, पाहुण्यांकडनं..." म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. बेणं म्हणजे उसाची कांडीच. ती लावली की तोच ऊस उगवतो. दोन शेतं सारखी निघणं हीच तर खरी माहिती होती, आणि शिरोळच्या मुलीनं ती पुसली होती. त्या रागावल्या नाहीत. "हे कुठली पदवी शिकवत नाही. तुला ती लागतही नाही. नोकरी सोडू नकोस," एवढंच म्हणाल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेचीच शंकाही आली.

दोन महिन्यांनी एका दुपारी मॅडम एसटीनं जयसिंगपूरला आमच्या घरी आल्या. गुडघे दुखत होते. फोन का केला नाही, असं मी विचारलं.

"चुकीचा सल्ला समोर बसून दिला, तो फोनवर मागं घेऊ?" त्यांच्याकडेच राहिलेली माझी रविवारची वही त्यांनी पुन्हा वाचली होती. "ऊस तुला कळतो. पण संख्याशास्त्र आलं की तू माझ्या तोंडाकडं बघतेस, आणि मला तरी ते पुरतं कुठं येतंय? माझं अडाणीपण तुझ्या गळ्यात बांधत होते मी. पदवी घे. कागदासाठी नव्हे, तुझ्या चुका पकडणारी माणसं मिळावीत म्हणून."

"पण नोकरी, मॅडम?" यजमान म्हणाले.

"ती जाणार. पुढं दुसरी मिळेल, अशी हमी मी देत नाही. दोघांनी मिळून ठरवा."

यजमानांनी बोटांवर घरखर्चाचा हिशेब मांडला. मग म्हणाले, "दोन वर्षं निभतंय की."

आज मी दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे काम मिळेल का, माहीत नाही. नोकरीच्या अर्जात वय लिहिणं अजून जिवावर येतं. पदवीचं सार्थक झालं का, याचं अर्धंच उत्तर माझ्याजवळ आहे. मागच्या महिन्यात मॅडमच्या एका लेखातली संख्याशास्त्राची चूक मी भीत भीत दाखवली. त्यांनी खुर्ची ओढली, वही उघडली आणि म्हणाल्या, "सांग समजावून." दोन तास मी सांगत होते आणि माझ्या गुरू लिहून घेत होत्या.

पंचाहत्तरीत वही उघडून बसणाऱ्या मगदूम मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. ते त्यांच्या शंका संपेपर्यंत पुरावं, इतकंच मागणं. आणि शंका लवकर संपतील, असं मला मुळीच दिसत नाही.