पुरलेला टॉवेल

होटगीला आमच्या बांधाशेजारचे भावजी बोलतात कमी, माती हुंगतात जास्त. मी तरुण होते तेव्हा त्यांनी दोन्ही रानांत एकेक सुती टॉवेल पुरला. दोन महिन्यांनी उकरला, तर त्यांच्या टॉवेलच्या चिंध्या आणि आमचा धडधाकट! मी शहाणी, टॉवेल धुऊन दोरीवर मिरवला.

"वैनी, तुमच्या मातीत खाणारंच कोण उरलं न्हाय की," एवढंच ते म्हणाले. मला ओ की ठो कळलं नाही.

खतानं मातीतले गांडूळ-जंतू मेले होते, हे उमगायला म्हातारपण आलं; आता रासायनिक खत बंद करून मी रानात शेण-पाचोळा घालते. काल भावजींनी यंदाचा टॉवेल उकरला. निम्मा कुजलेला, निम्मा शाबूत.

"भावजी, पास का नापास?"

त्यांनी माती हुंगली, उरलेल्या टॉवेलची घडी घातली आणि पुन्हा पुरली.

"जेवतीया अजून. उठवू नगा."