रशीदभाईंच्या तात्पुरत्या ओळी

रशीदभाईंची माझी पहिली भेट पाटोद्याच्या रुग्णालयात झाली, आणि ती भांडणातच. मी तिथे मेट्रन होते. नवजात कक्षातले मॉनिटर वीज जाऊन आली की मुके होत. बाळाचा श्वास अडखळला तरी गजर वाजत नसे. दोष मॉनिटरच्या आतल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्यात बसवलेल्या प्रोग्राममध्ये होता. कंपनीने सुधारित फर्मवेअर पाठवलं, पण ते चढवणारं सॉफ्टवेअर आमच्या संगणकावर चालेना. "नवा संगणक घ्या," कंपनीचा माणूस म्हणाला. त्याला मी दार दाखवलं आणि बीडहून दुरुस्तीला आलेल्या रशीदभाईंवरही तोंड सोडलं.

"सिस्टर, रागवा, पर बसाया खुर्ची तर द्या," ते म्हणाले.

संगणकाच्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, नवा आला होता. जोडलेल्या यंत्रांची माहिती देणारी फाइल त्यात दुसऱ्या जागी गेली होती. कंपनीचं सॉफ्टवेअर ती जुन्याच जागी शोधत बसे. रशीदभाईंनी कर्नेलमध्ये कोडच्या मोजक्या ओळी घातल्या आणि फाइल जुन्या जागीही दिसू लागली. ओळींच्या डोक्यावर लिहिलं: 'तात्पुरतं. कंपनीने सुधारणा केली की काढावं.'

"ह्ये उसनं हाय, सिस्टर. कायमचं समजू नका."

कंपनीने मात्र कायमचंच समजलं. आजतागायत तिने बोट हलवलेलं नाही. कर्नेल बदलला की रशीदभाई एसटीने येतात. आधी आपल्या ओळींशिवाय सॉफ्टवेअर चालतं का ते पाहतात, मगच त्या पुन्हा बसवतात. स्वतःचं काम अनावश्यक ठरावं म्हणून इतका झटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा तपासणीआधी जिल्ह्याच्या साहेबांनी "हे जुगाड काढा" असा हुकूम सोडला आणि त्या ओळी काढायला लावल्या. रशीदभाईंना विचारण्याची सभ्यताही दाखवली नाही. त्याच आठवड्यात दुरुस्तीहून दोन मॉनिटर जुन्या फर्मवेअरसह परतले आणि सुधारित फर्मवेअर चढेना. माझ्या परिचारिका बाळांच्या छातीवर तळहात ठेवून श्वास मोजत बसल्या. साहेब फोनवर म्हणाले, "प्रक्रिया चालू आहे." रशीदभाई मात्र अंगात ताप घेऊन हजर.

"अशा तापात कशाला आलात?" मी ओरडले.

"मंग काय साहेब येनार होते?"

त्याच साहेबांचा शुभसंदेश रशीदभाईंच्या या गौरवग्रंथाच्या पहिल्या पानावर आहे. संपादकांना मी तोंडावर सांगितलं, इथेही लिहिते: लाज वाटायला हवी.

रशीदभाईंनी साठी गाठली. त्यांना शतायुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो. पण बाळांचे श्वास एका माणसाच्या तब्येतीवर टांगून ठेवायचे आणि त्याच्या गळ्यात हार घालायचा, याला मी गौरव म्हणणार नाही. कंपनीने आपलं काम करावं. त्या ओळी रशीदभाईंनी स्वतःच्या हाताने पुसाव्यात आणि त्यानंतर ताप आला, तर चार दिवस निवांत अंथरुणात पडून राहावं.